आरसी बग्गीला धातूचे पार्ट: कुठे फायदा, कुठे तोटा?

रिमोटची गाडी म्हटलं की डोळ्यासमोर खेळणं येतं. पण रेसिंगच्या आरसी बग्गीला खरीखुरी चासी, तेल भरलेले शॉक, गिअर, बेअरिंग असं सगळं असतं आणि प्रत्येक पार्ट सुटा करता येतो. म्हणूनच अनेक हौशी रेसर कंपनीचा पार्ट काढून लेथ किंवा मिलिंग मशीनवर बनवलेला पार्ट बसवतात. मात्र प्लास्टिक जाऊन धातू आला म्हणजे गाडी सुधारलीच, असं नाही.

धातू आला कुठून?

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'टीम असोसिएटेड' कंपनीने रॉजर कर्टिस यांनी डिझाइन केलेली 'आरसी १०' ही बग्गी बाजारात आणली. तिची चासी सोनेरी ॲनोडायझिंग केलेल्या ॲल्युमिनियमची होती. शॉकची बॉडीही ॲल्युमिनियमची होती. सस्पेन्शनचे आर्म मात्र नायलॉनचे ठेवले होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात झालेल्या पहिल्या जागतिक ऑफ-रोड स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्ह गटाचं विजेतेपद याच गाडीने मिळवलं. कुठे धातू आणि कुठे नायलॉन, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे.

धातूचा फायदा कुठे होतो?

जिथे पार्ट जरासुद्धा हलता कामा नये, तिथे. उदाहरणार्थ, मागच्या चाकाचा हब. त्यात बेअरिंग बसतं. नायलॉनमधली ही जागा वापराने सैल होते आणि चाक डगमगू लागतं. ॲल्युमिनियमच्या हबमध्ये बेअरिंग घट्ट राहतं. स्टिअरिंगच्या जोडण्यांचंही तसंच आहे. तिथला ढिलेपणा गेला की गाडी वळणावर दरवेळी सारखीच वागते.

मग आर्म धातूचे का नकोत?

धडक बसली की नायलॉनचा आर्म वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. ॲल्युमिनियमचा आर्म एकदा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि चाकाचा कोन बिघडतो. तो वाकला नाही, तर धक्का पुढे आर्मच्या पिनला किंवा चासीला बसतो. म्हणजे स्वस्तातला आर्म वाचतो आणि महागाचा पार्ट जातो. शर्यत तर हातची जातेच.

वजनाचं गणित काय?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १/१० आकाराच्या टू-व्हील ड्राइव्ह बग्गीचं वजन किमान १,४७४ ग्रॅम असावं लागतं. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्यावर गाड्या हलक्या झाल्या. त्यामुळे काही रेसर उलट वजन वाढवतात आणि त्यासाठी पितळेचे पार्ट बनवून घेतात. पितळ ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट जड असतं. ते चासीच्या तळाशी बसवलं तर गाडी कमी उलटते. पुढच्या बाजूला बसवलं तर पुढच्या चाकांची पकड वाढते. पण हेच वजन चाकाजवळ गेलं तर खड्ड्यांवर सस्पेन्शनला जास्त काम पडतं.

पार्ट बनवताना काय सांभाळावं?

* माप: बेअरिंगची जागा ०.०५ मिमीने मोठी झाली तरी ते सैल बसतं. लहान झाली तर दाबलं जाऊन जड फिरतं. ॲनोडायझिंगच्या थरानेही माप बदलतं, ते आधीच धरावं.
* धातू: ७०७५ ॲल्युमिनियम ६०६१ पेक्षा बरंच मजबूत असतं, पण महागही असतं.
* स्क्रू: नायलॉन स्क्रूला धरून ठेवतं. धातूत तो कंपनांमुळे सुटतो, म्हणून थ्रेडलॉक लावावं लागतं.
* धूळ: कार्बन फायबरची प्लेट कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्क हवाच.

आधी काय करावं?

काय तुटतंय, काय सैल होतंय, ते आधी नीट पाहावं. नवा पार्ट बसवताना एका वेळी एकच बदलावा आणि त्याच ट्रॅकवर लॅपची वेळ मोजावी. दोन-तीन पार्ट एकदम बदलले, तर वेळ कशामुळे सुधारली किंवा बिघडली हे कळत नाही. आणि वेळेत काहीच फरक पडला नाही, तर कंपनीचा मूळ पार्ट परत लावलेला बरा. तो तुटला तरी दुसरा कमी पैशांत मिळतो.