माध्यमिक शाळेचा वार्षिक निकाल : एक मागोवा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी अखेरच्या पानांवर गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापली जाते. अंक हाती पडताच बहुतेक ज्ञातिबांधव अध्यक्षांचे मनोगत बाजूस सारून प्रथम तीच पाने उघडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. कारण आम्हीही तेच करतो. नाव, गाव आणि टक्केवारी. नात्यातील मुलाचे नाव दिसले की समाधान वाटते, न दिसले की त्याच्या वडिलांना काय सांगावे याचा विचार पडतो. यंदा चिटणीसांनी शिक्षणविषयक ऐतिहासिक लेख लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आमचे लक्ष याच यादीकडे गेले. शाळेची आणि मुलाची वर्षावर्षाची प्रगती मोजण्याचे हे माप आपल्याकडे आले कोठून, आणि ते कसकसे बदलत गेले, याचा थोडा मागोवा घ्यावा असे मनात आले. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व पुढे अध्यापन पदविकेचे. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचे कारण नाही. अडतीस वर्षे खडू हाती धरला, एवढाच काय तो आमचा अधिकार.

१८५४ साली वुडचा खलिता आला व सरकारी विद्याखाते सुरू झाले. १८५७ साली मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना झाली आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, घेण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीतील. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही परीक्षा शाळेने काय शिकविले हे पाहण्यासाठी निघालेलीच नव्हती. कॉलेजच्या दारावर उभ्या राहिलेल्या मुलास आत घ्यावे की न घ्यावे, एवढ्यापुरती ती होती. परंतु हळूहळू इंग्रजी शाळांचे सारे शिक्षण त्या दाराकडे तोंड करून बसले. दार हे घरात शिरण्यासाठी असते. आपण त्यालाच घर मानले.

दुसरे माप सरकारी खात्याचे. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान देताना परीक्षेच्या निकालावर पैसा देण्याची पद्धत होती. साहेब यावयाचे, मुलांना उभे करून वाचन, लेखन, गणित तपासावयाचे, आणि जितकी मुले उतरतील त्या मानाने शाळेच्या पदरात अनुदान पडावयाचे. जेथे अनुदानाचा प्रश्न नव्हता तेथेही साहेबांच्या शेऱ्यावर मास्तरांची अब्रू टांगलेली असे. वाचकांपैकी अनेकांनी महात्माजींचे आत्मचरित्र वाचले असेल. राजकोटच्या हायस्कुलात ते पहिल्या वर्षात असताना जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीस आले व त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहावयास घातले. त्यांतील ‘केटल’ हा शब्द छोट्या मोहनदासाने चुकीचा लिहिला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खूण करून शेजारच्याच्या पाटीवरून पाहण्यास सुचविले. मुलाच्या ते ध्यानातही आले नाही. बाकी सर्व मुलांचे पाचही शब्द बिनचूक निघाले. हा प्रसंग मुलाच्या सत्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. आम्ही मात्र तो मास्तरांच्या बाजूने पुष्कळदा वाचला आहे. तो मास्तर दुष्ट नव्हता. वर्गाचा निकाल शंभर टक्के लागावा एवढीच त्याची इच्छा होती. पुढे आम्हीही त्याच वाटेने गेलो. ते यथाक्रम सांगू.

मॅट्रिकचे माहात्म्य विसाव्या शतकाच्या आरंभी इतके वाढले की मॅट्रिक झालेला मुलगा हा साऱ्या पंचक्रोशीचा कौतुकविषय होई. नाना शंकरशेट यांच्या नावे संस्कृतासाठी शिष्यवृत्ती असे. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले व ती शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. असे बुद्धिमान पुरुष प्रत्येक पिढीत निघतात व त्यांचा गौरव झालाच पाहिजे. परंतु त्याच परीक्षेची आणखी दोन गुणपत्रके आम्ही येथे ठेवू इच्छितो. १८८७ साली गांधीजी मॅट्रिक झाले ते ६२५ पैकी २४७॥ गुणांनी. १९०७ साली डॉक्टर आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. दोघांचीही टक्केवारी चाळिसाच्या आत. आपल्या मंडळाच्या आजच्या नियमाप्रमाणे दोघांपैकी कोणाचाही अर्ज स्वीकारला गेला नसता! आंबेडकरांना संस्कृत शिकावयाची इच्छा असूनही ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हे त्या गुणपत्रकात कोठेच लिहिलेले नाही. तरीही त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. त्या सभेने टक्के पाहिले नाहीत. मुलगा कोठून निघाला व कोठवर आला, हे पाहिले. त्या भेटीचा पुढे केवढा परिणाम झाला, हे सर्वश्रुत आहे.

याच दृष्टीने पाहता, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी जी वसतिगृहे उघडण्यास प्रोत्साहन दिले, त्यांचे मोल केवळ मॅट्रिकच्या निकालावरून ठरविता येणार नाही. खेड्यातील मुलास शहरात राहावयास जागा नाही, म्हणून त्याचे शिक्षण थांबते, हे त्यांनी ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावे मोफत निवासी हायस्कूल काढले, तेही याच ओळखीतून. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे शिक्षणफंड व विद्यार्थिगृहे त्या वाऱ्यावरच जागोजाग उभी राहिली. त्यांच्या जुन्या अहवालांत मुलांच्या टक्केवारीपेक्षा किती मुले जेवली, किती टिकली, कोणास पुस्तके दिली, याचाच हिशेब अधिक सापडतो. असो.

स्वातंत्र्यानंतर माप बदलले. निदान त्याचे नाव बदलले. १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात शालान्त परीक्षेचे स्वतंत्र मंडळ झाले आणि १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली, जरी लोकांच्या तोंडी मॅट्रिक हाच शब्द कायम राहिला. महाराष्ट्राचा १९६५ चा कायदा १९६६ च्या आरंभापासून अमलात आला व विभागीय मंडळे काम पाहू लागली. कोठारी आयोगाचा आकृतिबंध स्वीकारल्यावर १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही मुले बसली. आम्ही त्या जुन्या अकरावीतील. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात बारीक टाइपात छापलेल्या आकड्यांत आपला क्रमांक शोधणे हा जो अनुभव आहे, तो संगणकावर निकाल पाहणाऱ्या आजच्या मुलांस सांगून समजावयाचा नाही. क्रमांक सापडला की झाले. टक्के किती, हे गुणपत्रक येईपर्यंत कोणी विचारीतही नसे.

पुढे गुणवत्ता यादीचे युग आले. पहिल्या तिसांत कोण, कोणत्या शाळेचा, याची छायाचित्रे झळकू लागली. मंडळाने कालांतराने ती यादी प्रसिद्ध करणे बंद केले, तरी शाळाशाळांतील चुरस काही थांबली नाही. शाळेच्या फाटकावर ‘निकाल १०० टक्के’ असा फलक लागला की जूनमध्ये प्रवेशास रांग लागते, आणि रांग लागली की तुकड्या टिकतात, आणि तुकड्या टिकल्या की शिक्षकांच्या नोकऱ्या टिकतात. हे चक्र बाहेरच्यांस दिसत नाही. ते दिसले म्हणजे नववीचा वर्ग हा माध्यमिक शाळेतील सर्वांत कठोर वर्ग का असतो, याचा उलगडा होतो. दहावीचा निकाल दहावीत लागत नाही. तो नववीत लावला जातो. कच्चा मुलगा नववीतच अडविला, किंवा त्याच्या पालकांस बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे गोडीने सांगून बाहेरून बसविला, की शाळेच्या निकालास त्याचा धक्का लागत नाही.

आमचे अक्षर बरे, म्हणून एका शाळेत नववीचे निकालपत्रक लिहिण्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे असे. शाळेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. १९९८ सालच्या सुमाराची गोष्ट. वर्गात एका शेतमजुराचा मुलगा होता. वाचन स्वच्छ, गणित मात्र अगदीच बेताचे. पहिल्या घटक चाचणीत त्यास वीसांपैकी एक गुण मिळाला, सहामाहीत शंभरांपैकी चौदा, दुसऱ्या चाचणीत वीसांपैकी सहा आणि वार्षिक परीक्षेत शंभरांपैकी एकतीस. चारही मिळून सरासरी बावीसही भरेना. शाळेचा दहावीचा निकाल दोन वर्षे पूर्ण लागलेला होता, आणि तिसऱ्या वर्षीही तो तसाच लागावा असे वरून बजावण्यात आले होते. आम्ही त्याच्या नावासमोर तांबड्या शाईने ‘अनुत्तीर्ण’ असे लिहिले. लिहिताना हात थांबला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रात्री घरी प्रगतिपुस्तके भरीत असता तेच चार आकडे पुन्हा एका ओळीत समोर आले. एक, चौदा, सहा, एकतीस. साऱ्या वर्गात वर्षभरात इतका पुढे सरकलेला दुसरा मुलगा नव्हता. वर्गात पहिला आलेला मुलगा जूनमध्ये जेथे होता तेथेच एप्रिलमध्ये होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात आम्ही ‘प्रगती उत्तम’ असे लिहून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांस हे सांगावयास हवे होते. सांगितले नाही. पत्रक सही होऊन गेले होते. तो मुलगा निकालाच्या दिवशी आला नाही, जूनमध्येही आला नाही. मामाबरोबर वीटभट्टीवर गेला असे पुढे कानी आले. त्याचे प्रगतिपुस्तक कोणी न्यावयास आले नाही. ते आजही आमच्या कपाटात आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१० पासून सुरू झाली. आठवीपर्यंत कोणासही नापास करावयाचे नाही असे ठरले व सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यामागील कल्पना आम्हांस मनापासून पटली होती. मुलाची तुलना त्याच्याच कालच्या स्थितीशी करावी, हेच तर त्यात होते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नोंदवह्या भरल्या गेल्या आणि मूल तसेच पुढे गेले. भिंत आठवीपर्यंत दिसेनाशी झाली, ती नववीत एकदम उभी राहिली. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांशांस दुसरीच्या पातळीचा मजकूर मातृभाषेतून अस्खलित वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येस एका अंकाने भागणे निम्म्याहून अधिकांस जमले नाही. पुढे कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि तिला अनुसरून महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणली.

निकालाचा आकडा किती चंचल असतो, हे पाहावयाचे असल्यास अलीकडची तीन वर्षे पुरेत. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. ओरड झाली, गुण परत दिले गेले, आणि २०२० साली तोच निकाल ९५.३० टक्के झाला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता, ही गोष्ट निराळी. या तीन वर्षांत महाराष्ट्राची मुले आधी एकाएकी मंद झाली आणि मग एकाएकी तल्लख झाली, असे कोण म्हणेल? तराजू बदलला, धान्य तेच होते.

आणि २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षी शंभरांपैकी पन्नास गुण धरले गेले ते नववीच्या निकालाचे! जे पत्रक आम्ही कच्ची मुले वेगळी काढण्याची चाळणी म्हणून वर्षानुवर्षे लिहिले, त्याच पत्रकाने अवघ्या राज्याची दहावी तारून नेली. आम्ही तेव्हा निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. शाळेतील तरुण सहकारी जुनी पत्रके शोधताना दूरध्वनीवरून आम्हांस विचारीत, ‘गुरुजी, यात सरासरी कशी काढली आहे?’ आम्ही सांगत असू.

२०२५ साली दहावीच्या २११ मुलांस पूर्ण शंभर टक्के गुण मिळाले. कलाक्रीडेचे वाढीव गुण त्यात धरलेले असतात. त्या मुलांचे अभिनंदन. आपल्या यादीची किमान मर्यादाही त्या मानाने वाढत गेली आहे. आमच्या आठवणीत ती साठ टक्के होती, यंदाच्या पत्रकात पंच्याऐंशी आहे.

कार्यकारिणीस आमची एक विनंती आहे, व ती आम्ही लेखी दिलेली आहे. गुणगौरवाच्या अर्जात दहावीच्या गुणांशेजारी नववीच्या गुणांचा एक रकाना असावा, आणि दोहोंतील अंतर ज्याचे सर्वांत अधिक त्या मुलामुलींची स्वतंत्र यादी, टक्केवारीची कोणतीही अट न घालता, छापावी. तीत जुलैच्या पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेले व सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलेले यांसही घ्यावे. नववीचे प्रगतिपुस्तक घरी जपून ठेवण्यास पालकांस आतापासूनच सांगावे लागेल. अर्जाचा नमुना आम्ही स्वहस्ते आखून चिटणीसांकडे दिला आहे. पहिल्या वर्षीची छाननी करावयास आम्ही तयार आहोत.