‘कारखाना आपला’ म्हणजे नेमका कुणाचा? सोप्या शब्दांत समजून घ्या

सहकारी साखर कारखान्याचे सभासद ‘कारखाना आमचा’ असं अभिमानाने सांगतात. पण कारखाना विक्रीला निघाला की प्रश्न पडतो: आमचा होता, तर पैसे आम्हाला का नाही?

उत्तर मालकीच्या दोन प्रकारांत आहे.

वैयक्तिक मालमत्ता कोणती?

शेत आणि त्यातला ऊस शेतकऱ्याचा स्वतःचा. ऊस कारखान्याला दिला की त्याचे पैसे हे कारखान्यावरचं देणं असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ते १४ दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे एफआरपी हा नफ्यातला वाटा नाही, मालाची किंमत आहे. कारखाना तोट्यात असला तरी ती द्यावीच लागते.

सामूहिक भांडवल कोणतं?

गाळपाची यंत्रं, गोदामं, कारखान्याची जमीन, राखीव निधी. हे सगळं संस्थेच्या नावावर असतं. दहा हजार सभासद असले, तरी कुणीही ‘माझा दहा हजारावा भाग काढून द्या’ असं म्हणू शकत नाही.

अशी रचना का केली? तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटते, त्यामुळे गाळप लगेच करावं लागतं. एकट्या शेतकऱ्याला कारखाना परवडत नाही. म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीत प्रवरा सहकारी कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये तिथे गाळप सुरू झालं.

मग शेअर म्हणजे काय?

शेअर तुमचा, वारसाकडेही जाऊ शकतो. पण तो यंत्राचा तुकडा नाही, सभासदत्वाचा हक्क आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार:

- शेअर कितीही असोत, मत एकच.
- लाभांश जास्तीत जास्त १५ टक्के.
- निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत.

खासगी कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. इथे दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सारखेच.

कारखाना विकला तर?

कारखाना तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं. ते थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली मालमत्ता विकू शकते. आलेल्या पैशांतून आधी कर्ज आणि इतर देणी फिटतात. शेअरच्या रकमेचा नंबर शेवटी लागतो, आणि तोवर बहुतेक वेळा काही उरलेलं नसतं. शेतकऱ्याची जमीन मात्र त्याचीच राहते, कारण ती कारखान्याच्या भांडवलाचा भाग नव्हतीच.

सभासदाच्या हातात काय?

सामूहिक भांडवलावर तुमचा हक्क विकण्याचा नाही, लक्ष ठेवण्याचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिथे ताळेबंद मिळतो, कर्जाचा आकडा विचारता येतो. सभेचं जेवण चुकलं तरी चालेल, अहवाल वाचायचा चुकवू नका.