लादीचे सांधे आणि भिंतीचा रंग : निवड कशी करावी?

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील घराघरांत डागडुजी आणि रंगकामाची लगबग सुरू होते. न्हाणीघराची लादी बदलणे, ओट्यामागे नवी टाइल बसवणे ही कामेही त्याच सुमारास निघतात. लादी निवडण्यासाठी कुटुंबे चार दुकाने पालथी घालतात. सांध्यांत काय भरायचे हा निर्णय मात्र अखेरच्या दिवशी गवंड्यावर सोपवला जातो. तो हाताशी असलेले पांढरे सिमेंट भरतो आणि एक-दोन पावसाळ्यांत ते मळून तपकिरी पडते.

भिंतीचा रंग पसंत पडला नाही, तर दोन दिवसांत बदलता येतो. सांध्यांचा रंग बदलायचा म्हटले, तर एकेक सांधा खरवडावा लागतो आणि त्यात लादीच्या कडा उडण्याची भीती असते. म्हणून जे बदलणे अवघड, ते आधी ठरवावे. प्रथम लादी, मग सांध्यांचा रंग आणि शेवटी भिंत, हा क्रम सांभाळला तर बहुतेक चुका टळतात.

सांध्यांचा रंग

सांधे भरण्याच्या मिश्रणाला दुकानात ‘ग्राउट’ म्हणतात. त्याचा रंग लादीशी मिळताजुळता ठेवला की सांधे नजरेआड होतात, जमीन सलग दिसते आणि लहान खोली मोठी भासते. लादी बसवताना राहिलेला थोडाफार वाकडेपणाही झाकला जातो. याउलट पांढऱ्या लादीत गडद सांधा भरला, तर चौकटींची जाळी उठून दिसते. ती शोभते, पण गवंड्याच्या हातात सफाई असेल तरच. सांध्याची रुंदी कुठे दोन मिलिमीटर आणि कुठे चार असेल, तर गडद रंग तो फरक लपवत नाही.

नक्षीदार लादीसाठी सांध्याचा रंग नक्षीतील सर्वांत भडक छटेवरून घेऊ नये. पार्श्वभूमीच्या रंगावरून घ्यावा. पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालची निळ्या-पांढऱ्या अझुलेजूंची चित्रभिंत आहे. शेकडो चौकोनी लाद्या जोडलेल्या असूनही पाहणाऱ्याला प्रथम दिसते ते चित्र. सांधे त्याच्या आड येत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातील चार हात भिंतीलाही हाच नियम लागू पडतो.

आपली माती, आपले पाणी

चिऱ्याच्या मातीतील लोहामुळे ती तांबडी असते. पावसाळ्यात ती पायांबरोबर घरात येते. काही विहिरींच्या पाण्यातही लोहाचा अंश असतो आणि ते सुकल्यावर तांबूस डाग मागे राहतात. त्यामुळे प्रवेशाची खोली, सोपा आणि मागील दाराकडची जागा येथे शुभ्र सांधे टिकत नाहीत. तेथे मातकट, करडा किंवा फिकट तपकिरी रंग घ्यावा. अगदी काळा रंगही सोयीचा नाही. क्षारयुक्त पाण्याचे आणि साबणाचे पांढरट थर त्यावर लगेच दिसतात. सिमेंटच्या सांध्यावर लोणा आला तर काळ्या रंगावर तो अधिकच उठतो. मध्यम करडा रंग सर्वसाधारण घरासाठी सर्वांत सुरक्षित आहे.

सिमेंट की इपॉक्सी?

सिमेंटचा ग्राउट स्वस्त आणि वापरायला सोपा असतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने तेल, हळद आणि ओल शोषून घेतो. तीन मिलिमीटरपर्यंतच्या सांध्याला बारीक, तर त्याहून रुंद सांध्याला वाळूमिश्रित प्रकार वापरतात. कालवताना पाणी जास्त झाले, तर रंग फिका पडतो आणि जागोजागी डाग दिसतात. ओला असताना गडद दिसणारा हा ग्राउट सुकल्यावर उजळतो, हेही ध्यानात ठेवावे. पूर्ण सुकल्यानंतर त्यावर सीलर लावल्यास तो कमी मळतो.

इपॉक्सी ग्राउट कित्येक पटींनी महाग असतो. पण पाणी आणि डाग शोषत नाही. न्हाणीघर, मोरी आणि ओट्यामागची भिंत येथे तो खर्च वसूल होतो. तो कालवल्यावर तासाभरातच घट्ट होऊ लागतो, उकाड्यात त्याहूनही लवकर. म्हणून थोडा थोडा कालवावा आणि लादीवर राहिलेला पातळ थर त्याच वेळी पुसून घ्यावा. उन्हात फिकट इपॉक्सी पिवळसर पडू शकते. उघड्या गच्चीवर किंवा अंगणात ते वापरू नये.

६०० मिलिमीटर चौरस आणि १० मिलिमीटर जाड लादीत तीन मिलिमीटरचा सांधा ठेवला, तर १०० चौरस फुटांना साधारण दीड किलो सिमेंट ग्राउट लागतो. नासधूस धरून दोन किलो घ्यावा. सर्व पाकिटे एकाच बॅचची असावीत. वेगळ्या बॅचमध्ये छटा किंचित बदलू शकते. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट तडकतो. तेथे त्याच रंगाचे सिलिकॉन भरावे.

जुन्या घरातील फरशी

जुन्या घरांत रंगीत नक्षीची सिमेंटची फरशी असेल, तर विशेष काळजी घ्यावी लागते. तिची नक्षी वरच्या काही मिलिमीटरच्या थरातच असते. ग्राउटचे डाग काढण्यासाठी गवंडी सर्रास अ‍ॅसिड वापरतात. अ‍ॅसिड सिमेंट आणि चुना खाते. नक्षीचा पृष्ठभाग खरखरीत होतो, रंग उडतो आणि तो पुन्हा आणता येत नाही. अशा फरशीवर अ‍ॅसिड ओतू देऊ नये, हे काम सुरू होण्यापूर्वीच बजावावे. ही फरशी सच्छिद्र असल्याने गडद ग्राउटचा रंग तिच्यात मुरतो. सांधे भरणे आवश्यकच असेल, तर आधी फरशीला सीलर लावावा, तिच्या पार्श्वभूमीशी जुळणारी फिकट छटा घ्यावी आणि एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे.

भिंतीचा रंग शेवटी

लादी आणि सांधे सुकून त्यांचा खरा रंग दिसू लागला की मग भिंतीकडे वळावे. लादीतील छटा उबदार आहे की थंड, हे आधी पाहावे. पिवळसर झाक असलेल्या लादीशेजारी निळसर पांढरी भिंत लावली, तर लादी जुनाट आणि मळकी दिसते. तेथे साईचा किंवा चुन्याचा मऊ पांढरा शोभतो. करड्या लादीला निळसर वा हिरवट फिका रंग साजतो. गोव्यातील देवळांच्या भिंतींवर दिसणारी कावी कला पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेने साकारलेली असते. तांबूस लादी असलेल्या सोप्याला ही जोडी आजही जुळते.

दुकानातील रंगपट्टीवर विसंबू नये. भिंतीवर दोन फूट चौकोनात दोन हात देऊन तो तुकडा सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा. माडा-फणसांच्या दाटीतून येणारा उजेड हिरवट असतो. त्यात फिका गुलाबी रंग मळकट, तर फिका पिवळा हिरवट भासू शकतो. न्हाणीघरात लादीच्या वरची भिंत आणि छत यांसाठी बुरशीरोधक, धुता येणारा रंग घ्यावा.

कामाची वेळ

चतुर्थीपूर्वीची घाई समजण्यासारखी आहे. पण श्रावणात भिंती ओल धरून असतात. ओल्या भिंतीवरचा रंग फुगतो आणि पोपडे धरतो. नव्या गिलाव्याला तर रंगापूर्वी सुमारे २८ दिवस द्यावे लागतात. लादी, सांधे आणि नवा गिलावा ही कामे मेपूर्वी उरकावीत. सणाआधी हात द्यायचा असेल, तर तो घरातील कोरड्या भिंतींनाच द्यावा. बाहेरच्या आणि ओल आलेल्या भिंती पावसाळा सरून त्या वाळेपर्यंत तशाच ठेवाव्यात.

काम देण्यापूर्वी एका फळीवर आपल्या लादीचे चार तुकडे लावून त्यांत दोन वेगळ्या छटांचे सांधे भरून घ्यावेत. ते तीन दिवस सुकू द्यावेत आणि मगच घरच्या उजेडात निवड करावी. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम वाढेल; पण पुढची अनेक वर्षे जे पायांखाली राहायचे, त्यासाठी ते जास्त नाही.