आंत्रविषार (मेंढ्यांचा)
संध्याकाळी तृप्त होऊन वाड्यावर परतलेली, कळपातील सर्वांत पुष्ट अशी कोकरे पहाटे मृतावस्थेत आढळावीत, असा घात करणारा मेंढ्यांचा रोग. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स (ड प्रकार) हा जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही अल्प प्रमाणात असतो. परंतु कोवळा चारा वा धान्य एकाएकी भरपूर मिळाले, की त्याची बेसुमार वाढ होऊन एप्सिलॉन नामक विष रक्तात भिनते, आणि आचके येऊन जनावर काही तासांत दगावते. मृत्यूनंतर मूत्रपिंड लिबलिबीत झालेले दिसते.

पावसाळ्यानंतर देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात येतात व पालीच्या (ता. सुधागड, जि. रायगड) परिसरासारख्या भातशेतीच्या मुलखात, कापणी झालेल्या खाचरांत लेंडीखतासाठी मेंढ्या बसवितात. माळावरच्या रुक्ष गवताला सरावलेली दख्खनी मेंढी सांडलेल्या भातावर आधाशासारखी तुटून पडते. म्हणून प्रारंभीचे काही दिवस खाचरातील चराई थोडा वेळच ठेवावी, हे आवर्जून सांगावेसे वाटते. मात्र खरा आधार लसीचा. ही लस पुण्यास औंध येथील सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. पावसाळ्यापूर्वी, साधारण 15 दिवसांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा टोचाव्यात. रोग जडल्यावर उपचारास बहुधा अवधीच उरत नाही.

मात्र असा अचानक मृत्यू आलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आल्यास आंत्रविषाराऐवजी काळपुळीचा (अँथ्रॅक्स) संशय धरावा. असे शव मुळीच न फाडता, पशुवैद्यास वर्दी देऊन, चुन्यासह खोल पुरावे.