बहुविभागी स्कोअर (संगणकीय स्वरलेखन)

बहुविभागी स्कोअर म्हणजे एकाच सांगीतिक कृतीचे दोन किंवा अधिक स्वतंत्र विभाग (मूव्हमेंट) क्रमाने एकत्र मांडणारी लिखित संहिता होय. सिंफनी, कंचेर्तो, सोनाटा व स्वीट या पाश्चात्त्य रचनाप्रकारांत ती आढळते. स्वरलेखनाच्या संगणकप्रणालींत अशी संहिता तयार करताना प्रत्येक विभागाची लय, ताल, स्वरचिन्हे व शीर्षक वेगळे ठेवून संपूर्ण कृतीचे एकत्व राखावे लागते.

पार्श्वभूमी

भारतात पाश्चात्त्य स्वरलेखनाची परंपरा गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून रुजली. तेथे शिकलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची संहिता लिहिण्याचे काम केले. गोव्यातील माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी रागांवर आधारित वाद्यवृंदरचना केल्या व १९५८ मध्ये मुंबईत वाद्यवृंद स्थापन केला. रविशंकर यांचा सतार व वाद्यवृंदासाठीचा पहिला कंचेर्तो (१९७१) चार विभागांचा असून त्यांना खमाज, सिंधी भैरवी, अडाणा व मांझ खमाज ही रागनावे आहेत. मुंबईत २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाची स्थापना झाली.

मांडणीतील प्रश्न

नव्या विभागाच्या आरंभी मापांचे (बार) क्रमांक सामान्यतः पुन्हा १ पासून सुरू होतात, वाद्यांची पूर्ण नावे पुन्हा दिली जातात आणि पहिली ओळ किंचित आत घेतली जाते. मागील विभागाच्या अखेरीस पुढील विभागाची स्वरचिन्हे किंवा तालचिन्ह पूर्वसूचना म्हणून छापले जाऊ नये. ज्या विभागात एखादे वाद्य वाजत नाही, त्या ठिकाणी वादकाच्या प्रतीत ‘टॅसेट’ असा निर्देश करतात. तो नसल्यास पान गहाळ झाल्याचा समज होऊ शकतो. मापक्रमांक मुख्य संहितेत व वादकांच्या प्रतींत एकच नसतील, तर तालमीत संचालकाने सांगितलेली जागा वादकांना सापडत नाही.

प्रणालींनुसार पद्धती

म्युझस्कोर: या मुक्त प्रणालीत विभागाच्या शेवटच्या मापावर ‘सेक्शन ब्रेक’ लावला जातो. त्यामुळे मापक्रमांक पुन्हा सुरू होतात आणि ध्वनिवादनात ठरावीक विराम मिळतो.

डोरिको: २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या या प्रणालीत प्रत्येक विभाग ‘फ्लो’ म्हणून स्वतंत्रपणे साठवला जातो. कोणत्या फ्लोमध्ये कोणते वादक असतील हे ठरवता येते.

सिबेलियस: येथे विभागाचा शेवट दर्शवणारी खूण मापाला द्यावी लागते व मापक्रमांक स्वतंत्रपणे बदलावे लागतात.

लिलिपाँड: या मजकुराधारित मुक्त प्रणालीत एकाच पुस्तकात प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र ‘स्कोअर’ खंड लिहितात.

एक की अनेक धारिका

सर्व विभाग एका धारिकेत (फाइल) ठेवल्यास वाद्यांची नावे, अक्षरवळण व पानांचे क्रमांक एकसारखे राहतात. मात्र धारिका मोठी झाल्याने संगणक मंदावू शकतो. स्वतंत्र धारिकांमुळे काम वाटून घेता येते, परंतु वाद्यसूचीत झालेला बदल प्रत्येक धारिकेत पुन्हा करावा लागतो. १९८८ पासून प्रचलित असलेल्या फिनाले या प्रणालीचा विकास थांबवल्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्यामुळे म्युझिकएक्सएमएल या समाईक स्वरूपात प्रत जतन करण्याचे महत्त्व वाढले. या स्वरूपात कृतीचे नाव आणि विभागाचे नाव व क्रमांक वेगवेगळे नोंदवण्याची सोय आहे.

हिंदुस्थानी संगीतातील उपयोग

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत बंदिशींची स्थायी व अंतरा स्वतंत्र मथळ्यांखाली दिलेली आहेत. विलंबित ख्यालाला जोडून द्रुत ख्याल लिहावयाचा असल्यास दोहोंचे ताल सहसा भिन्न असतात. अशा वेळी त्यांना स्वतंत्र विभाग मानता येते. मात्र गायनात दोहोंमध्ये पाश्चात्त्य विभागांप्रमाणे पूर्ण विराम असतोच असे नाही. म्हणून ध्वनिवादनातील विराम शून्यावर आणणे उचित ठरते.

हे सुद्धा पहा

स्वरलिपी • भातखंडे स्वरलेखन पद्धती • सिंफनी • म्युझस्कोर