हात बसतो तेव्हा

भाकरी थापायला नुकतीच लागलेली मुलगी असो, तबल्यावर बोल काढणारा मुलगा असो की सायकलवर डुगडुगणारे पोर, आपण म्हणतो, ‘अजून हात बसला नाही.’ हा वाक्प्रचार फार नेमका आहे. हात मुळात हलतच होता, पण आता तो ‘बसला’, म्हणजे त्याला जागा सापडली. शास्त्राच्या भाषेत सरावामुळे हालचाल करण्याच्या क्षमतेत जो टिकाऊ बदल होतो त्याला कौशल्य शिकणे म्हणतात. यातल्या ‘टिकाऊ’ या शब्दावर माझा सगळा भर आहे. आज सरावात काय जमले आणि आठ दिवसांनी काय उरले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणाऱ्यांची बहुतेक फसगत या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होते.

हात बसतो म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा घोटून पक्की होते, असा सर्वसाधारण समज आहे. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने तो तपासून पाहिला. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या मुरलेल्या कामगारांच्या सांध्यांवर त्याने छोटे दिवे बांधले आणि प्रत्येक घावाचा मार्ग फिल्मवर टिपला. हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला निराळे होते. एका सांध्यात कमी पडले की दुसरा सांधा ते भरून काढत होता. म्हणजे कामगाराच्या अंगात एक ठरलेली हालचाल बसलेली नव्हती. घाव नेमका बसवण्याचा प्रश्न तो दर वेळी नव्याने सोडवत होता आणि अंगात मुरली होती ती हा प्रश्न सोडवण्याची रीत. बर्नस्टाइनने याला पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती म्हटले. या विषयातला इतका मोलाचा विचार मला दुसरा माहीत नाही.

प्रश्न अवघड का, हे भाकरीवरून चांगले कळते. खांदा, कोपर, पुढचा हात आणि मनगट मिळून आपला हात सात स्वतंत्र प्रकारे वळू शकतो. बोटे तर यात धरलेलीच नाहीत. तळहात परातीतल्या एका ठिकाणी न्यायचा तर त्याचे अगणित मार्ग निघतात. नवखा माणूस या पसाऱ्याला घाबरून निम्मे सांधे आवळून धरतो. मी भाकरी शिकलो तेव्हा माझा खांदा कानाला लागलेला असे आणि मनगट लाकडासारखे ताठ. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पीठ ताणले जात नाही, जोर जास्त झाला की कड चिरते. माझी भाकरी मधे पातळ, कडेला जाड आणि चारी बाजूंनी चिरलेली होई. आईचा हात मात्र नुसता पडे आणि उठे, आणि त्याच थापेत भाकरी जराशी फिरे. फिरवण्याचे वेगळे काम तिला नव्हतेच. पीठ जुने असले, पाणी थोडे जास्त झाले, तरी तिची थाप आपसूक बदले. आवळलेले सांधे हळूहळू मोकळे सुटणे, आणि पुढे पिठाचे वजन आणि घसरण यांचाच उपयोग करून घेणे, हा बर्नस्टाइनने सांगितलेला क्रम मी परातीत पाहिला आहे.

आई एकच सूचना देई, ‘हाताकडे बघू नको, कडेकडे बघ.’ गॅब्रिएल वुल्फ आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सरावयंत्रावर हेच दाखवले. स्वतःच्या पायांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा यंत्राच्या चाकांवर लक्ष ठेवणारे अधिक चांगले शिकले. लक्ष परिणामावर ठेवले की शरीर आपली जुळवाजुळव स्वतः करते, अवयवांवर ठेवले की त्या जुळवाजुळवीत आपणच लुडबूड करतो.

हाताचे हे ज्ञान आठवणीच्या नेहमीच्या कप्प्यात राहतही नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनरने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात स्पष्ट सुधारला, पण हे काम आपण पूर्वी केल्याचे त्याला कोणत्याच दिवशी आठवत नव्हते. हाताला येत होते, त्याला माहीत नव्हते. कसबी कारागिराला ‘कसे करता’ विचारले तर तो ‘बघा ना’ म्हणून करूनच दाखवतो, त्यात आढ्यता नसते. ते ज्ञान शब्दांत साठलेलेच नसते.

चालू हालचालीवर नियंत्रण कसे राहते, तेही थोडक्यात सांगतो. डोळ्यांनी चूक पाहून हालचाल सुधारायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात येतो. बघत बघत खेळायला एवढा वेळ पुरणारच नाही, म्हणून मेंदू अंदाज बांधतो. लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा चेंडूचा टप्पा पडण्याआधीच नजर टप्प्याच्या जागी पोहोचलेली दिसली, आणि चांगल्या फलंदाजाची नजर लवकर पोहोचत होती. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत लहान मेंदू वापरतो आणि पुढचा अंदाज सुधारतो. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाला दृश्य बाजूला सरकवणारा चष्मा घातला, तर नेम पुन्हा जुळवून घेणे त्याला फार जड जाते. चूक हे इथे शिकण्याचे खाद्य आहे. चूकच होऊ दिली नाही, तर लहान मेंदूने कशावरून शिकायचे?

म्हणूनच हाताला हात धरून अक्षर गिरवून घेणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. विनस्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दोन गट केले. एकाला प्रत्येक प्रयत्नानंतर कुठे चुकले ते सांगितले, दुसऱ्याला निम्म्याच वेळा. दुसऱ्या दिवशी कुणी काही सांगेना, तेव्हा निम्म्या वेळा ऐकणारा गट सरस ठरला. सतत मिळणारी दुरुस्ती ही कुबडी होते. सरावाच्या क्रमाचेही तसेच. शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात तीन हालचाली एकेक करून घोटणारे सरावात पुढे होते, पण दहा दिवसांनी त्याच हालचाली मिसळून, गोंधळत शिकलेले पुढे गेले. केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोटी थैली नेम धरून टाकायला शिकवले. काही मुलांनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर झाली, आणि तिथे कधीच न टाकलेली मुले अधिक अचूक ठरली. त्यांना अंतर बघून जोर ठरवण्याची रीत सापडली होती.

चालायला शिकणारे मूल असा मिसळलेला सराव कुणी न सांगता करते. कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोजले, तर मोकळे खेळणारी बारा ते एकोणीस महिन्यांची मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत. पावले वाकडीतिकडी, मधेच थांबलेली, दिशा बदललेली. सरळ रेषेत चालण्याचा वर्ग घेणारे त्यांना कुणी नसते.

मोठ्यांना मात्र असा सराव आवडत नाही, कारण तो करताना आपण मागे पडलो असे वाटते. ब्रिटिश टपाल खात्यातल्या पोस्टमनांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी चार वेळापत्रके आखली होती. त्यांचा अहवाल १९७८ चा. रोज एकच तास शिकणारे सर्वांत कमी तासांत शिकले, रोज दोनदा दोन-दोन तास बसणाऱ्यांना सर्वांत जास्त तास लागले. आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होते ते मात्र रोज एक तास शिकणारे.