फिल्म की व्हिडिओ टेप? जुन्या चित्राची सुस्पष्टता ठरते चित्रीकरणाच्या दिवशीच

घरात मोठ्या पडद्याचा हाय डेफिनिशन टीव्ही आला की एक विसंगती हमखास नजरेत भरते. १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'आय लव्ह लुसी' ही कृष्णधवल मालिका आजही लख्ख दिसू शकते. पण १९९० च्या दशकात व्हीएचएस कॅमेऱ्याने टिपलेला घरचा लग्नसोहळा त्याच पडद्यावर धूसर भासतो. हा दोष टीव्हीचा नाही आणि वयाचाही नाही. 'लुसी' ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, लग्न व्हिडिओ टेपवर.

रेषांचे गणित

व्हिडिओ टेपवर चित्र साठते ते विद्युत संकेतांच्या रूपात आणि ठरावीक रेषांच्या चौकटीत. भारतात रूढ असलेल्या 'पाल' पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असतात व त्यांपैकी ५७६ पडद्यावर दिसतात. डिजिटल स्वरूपात हे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंचे होते. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. हा फरक पाचपट आहे. टेपवरचे चित्र मोठे करताना उरलेले बिंदू यंत्राला अंदाजानेच भरावे लागतात. व्हीएचएसमध्ये तर प्रत्येक रेषेतील तपशील प्रसारणाच्या दर्जाहूनही बराच कमी असतो.

फिल्मवर अशा रेषा नसतात. तेथे प्रकाशाला संवेदनशील असलेल्या सूक्ष्म कणांतून चित्र उमटते. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये एचडीच्या गरजेहून अधिक तपशील असतो. त्यामुळे स्कॅनर जसजसे सुधारतात, तसतसे त्याच निगेटिव्हमधून अधिक स्पष्ट चित्र मिळवता येते.

फिल्मवर चित्रण, टेपवर संकलन

केवळ चित्रीकरण फिल्मवर झाले म्हणजे भागले, असेही नाही. १९८७ ते १९९४ दरम्यानची 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, परंतु तिचे संकलन आणि विशेष दृश्यांची जुळणी व्हिडिओ टेपवर झाली. म्हणजे पूर्ण झालेला भाग अस्तित्वात होता तो टेपच्या दर्जाचाच. एचडी आवृत्तीसाठी मूळ निगेटिव्ह शोधून, नव्याने स्कॅन करून, प्रत्येक भागाचे संकलन पुन्हा करावे लागले. या आवृत्तीचे ब्लू-रे संच २०१२ ते २०१४ या काळात आले. याच पद्धतीने तयार झालेल्या 'डीप स्पेस नाइन' या पुढील मालिकेची पूर्ण एचडी आवृत्ती मात्र निघालेली नाही. २०१९ च्या एका माहितीपटासाठी तिची काही दृश्ये तेवढी मूळ फिल्मवरून पुन्हा घेण्यात आली. निगेटिव्ह असूनही खर्चाचे गणित आडवे येते, ते असे.

जपणूक हीच कसोटी

फिल्म अमर नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत अनेक जुन्या चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. सत्यजित राय यांच्या 'अपू' चित्रत्रयीची निगेटिव्हही १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळली. मात्र त्यातील वाचलेले तुकडे दुरुस्त करून आणि इतर प्रतींची जोड देऊन २०१५ मध्ये ही चित्रत्रयी ४के दर्जात पुन्हा उभी राहिली. अर्धवट जळालेल्या फिल्ममधूनही जे साधले, ते अखंड टेपमधून साधत नाही.

घरातील टेपचे काय?

व्हीएचएस कॅसेटचे 'एचडीत रूपांतर' करून देण्याच्या जाहिरातींवर म्हणूनच विसंबू नये. जे टिपलेच गेले नाही, ते परत मिळत नाही. तरीही टेप डिजिटल करून घेणे निकडीचे आहे. तिच्यावरील चुंबकीय थर कालांतराने झिजतो आणि ती चालवणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. टेप मूळ दर्जात, चित्र न ताणता उतरवून घ्यावी, दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नये. आजी-आजोबांचे चेहरे त्यामुळे अधिक स्पष्ट होणार नाहीत; पण ते पुसलेही जाणार नाहीत.